कोळवण ते मुंबई : घोडं अडतं पौडच्या अलीकडे

पुण्याहून मुंबईला कसे जावे, यावर पुण्यात आजवर एकमत झालेले नाही. डेक्कन क्वीनचे पासधारक रेल्वेखेरीज दुसरे नाव काढू देत नाहीत. ज्यांना दादरला उतरायचे ते शिवनेरी बरी म्हणतात. घरची चार माणसे निघाली की मोटार परवडते, आणि एकट्याने घाईत जायचे तर पुणे–दादर टॅक्सी आहेच. लोहमार्गाने अंतर १९२ किलोमीटर, डेक्कन क्वीनला लागतात सव्वातीन तासांच्या आसपास. द्रुतगती मार्ग साडेचौऱ्याण्णव किलोमीटरचा. पण त्याच्या दोन्ही टोकांना शहराची गर्दी आणि मध्ये खंडाळ्याचा घाट. ही तुलना पुणेकर आवडीने करतात, आणि शिवाजीनगर किंवा पुणे स्टेशन ज्यांच्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर आहे त्यांच्यापुरती ती बरोबरही आहे.

कोळवणच्या माणसाला ती लागू पडत नाही.

मुळशी तालुक्यातले कोळवण हे वळकी नदीच्या खोऱ्यातले गाव. पौडपासून दहा-एक किलोमीटर आत, पुण्यापासून पस्तीस-चाळीस. एका अंगाला तिकोन्याचा डोंगर, खाली भाताची खाचरे. होतले, भालगुडी, साठेसाई, काशिग, हाडशी अशा आसपासच्या गावांची माणसे बाहेर पडायची ती कोळवणवरूनच. चिन्मय मिशनचे चिन्मय विभूती आणि पलीकडे हाडशीचे सत्यसाई पांडुरंग क्षेत्र यांमुळे शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईच्या मोटारींची या रस्त्यावर रीघ लागते. पाहुणा स्वतःच्या गाडीने येतो आणि स्वतःच्या गाडीने परत जातो. त्याला कोळवण जवळ वाटते. सोमवारी सकाळी मात्र त्याच रस्त्याच्या कडेला कॉलेजची मुले, पिरंगुटच्या कारखान्यात पहिल्या पाळीला निघालेले कामगार, पौडच्या तहसील कचेरीत फेरफार नोंदवायला चाललेला शेतकरी आणि ससूनचा कागद हातात धरलेली म्हातारी उभी असते. या माणसांना पुणे किती किलोमीटरवर आहे हे विचारून उपयोग नाही. गाडी कधी येणार, आणि संध्याकाळी परतीची शेवटची गाडी किती वाजता, यावर त्यांचे पुणे जवळ की लांब ते ठरते.

प्रवासाच्या साधनांची तुलना करताना आपण मधला लांबचा टप्पा मोजतो आणि टोकाचे दहा किलोमीटर सोडून देतो. कोळवणच्या बाबतीत तर सगळा निकाल त्या दहा किलोमीटरांतच लागतो.

कोळवणहून मुंबईला जायचे तर नकाशावर वाटा चार. पहिली सरळ पुण्यातून. कोळवण ते पौड, पुढे पिरंगुट, भूकूम, भूगाव, चांदणी चौक आणि वनाज. वनाजला मेट्रो आहे. ६ मार्च २०२२ रोजी ती गरवारे महाविद्यालयापर्यंत सुरू झाली आणि १ ऑगस्ट २०२३ पासून रुबी हॉलपर्यंत धावू लागली. तेव्हापासून वनाजला बसलेला माणूस गाडी न बदलता वीस-पंचवीस मिनिटांत पुणे रेल्वे स्थानकावर उतरतो. कर्वे रस्त्याची कोंडी, डेक्कनचा सिग्नल, स्टेशनबाहेरची रिक्षाची घासाघीस, सगळे टळले. मुळशीकरांसाठी ही गेल्या काही वर्षांतली सर्वांत मोठी सोय आहे, आणि ती तालुक्याच्या वेशीबाहेर, कोथरूडमध्ये उभी राहिली आहे. वनाजपासून चांदणी चौकापर्यंतच्या विस्तारालाही जून २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली. म्हणजे मेट्रो मुळशीच्या दिशेने आणखी थोडी सरकणार.

दुसरी वाट चांदणी चौकातूनच फुटते. सातारा-कोल्हापूरकडून मुंबईला जाणाऱ्या गाड्या बाह्यवळण रस्त्याने इथून जातात, त्यामुळे शहरात न शिरता मुंबईची गाडी धरता येते. ऑक्टोबर २०२२ मध्ये या चौकातला जुना पूल स्फोटाने पाडला गेला आणि ऑगस्ट २०२३ मध्ये नव्या रस्त्यांच्या जाळ्याचे उद्घाटन झाले. मोटारींचा खोळंबा कमी झाला हे खरे. पण पायी माणसाने हा चौक ओलांडायचा कसा, ही तक्रार उद्घाटनानंतर लगेच सुरू झाली. पौडकडून आलेल्या एसटीतून उतरून, हातात पिशवी आणि कडेवर मूल घेऊन महामार्गाच्या थांब्यापर्यंत पोचायचे, हेही प्रवासाचेच अंतर आहे. तुलनेच्या तक्त्यात त्याला रकाना नसतो.

तिसरी वाट उत्तरेची. कोळवणहून हाडशी, जवण, तिकोना पेठ, पवनानगर आणि कामशेत. कामशेतला पुणे–लोणावळा लोकल थांबते आणि लोणावळ्याला मुंबईच्या गाड्या. नकाशा पाहिला तर मुंबईला जाण्याची ही सर्वांत शहाणी वाट, कारण पुण्याकडे उलटे जावे लागत नाही. ज्याच्याकडे दुचाकी आहे तो ती धरतोही. पण आजघडीला हा रस्ता स्वतःचे वाहन असलेल्यांचा आहे. चौथी वाट ताम्हिणी घाटातून माणगावची. ती कोकणात उतरणाऱ्यांसाठी ठीक, मुंबईसाठी वळसा.

या चारही वाटांत मधला टप्पा कमी-जास्त चांगलाच आहे. रेल्वे आहे, महामार्ग आहे, मेट्रो आहे. द्रुतगती मार्गावर खोपोली ते कुसगाव हा तेरा-एक किलोमीटरचा नवा दुवा आखला गेला तो घाटातले सहा किलोमीटर आणि वीस-पंचवीस मिनिटे वाचवण्यासाठी. त्यावर हजारो कोटींचा खर्च. कोळवणच्या थांब्यावर एक एसटी चुकली तर त्याहून जास्त वेळ तिथल्या तिथे जातो, आणि तो वाचवायला बोगदा खणावा लागत नाही.

युरोपातही दोन शहरांमधल्या प्रवासाची अशीच तुलना चालते. लंडन–पॅरिस विमानाने की रेल्वेने, हा तिथला जुना वाद. समुद्राखालच्या बोगद्यातून १९९४ मध्ये युरोस्टार सुरू झाली आणि आता ती सव्वादोन तासांत शहराच्या मध्यातून शहराच्या मध्यात पोचवते; विमानाचा हवेतला वेळ कमी असला तरी विमानतळ गाठण्यात आणि तपासणीच्या रांगेत तो भरून निघतो. पण त्या वादापेक्षा मुळशीच्या कामाची गोष्ट फ्रान्सच्या एका कायद्यात आहे. जिथे रेल्वेने अडीच तासांच्या आत जाता येते तिथली देशांतर्गत विमाने बंद करायची, असे फ्रान्सने ठरवले आणि मे २०२३ मध्ये त्याचा आदेश निघाला. त्यात नुसता गाडीचा वेग पाहिलेला नाही. रेल्वेच्या दोन्ही बाजूंच्या फेऱ्या दिवसभरात पुरेशा असाव्यात आणि सकाळी निघालेल्या माणसाला त्या गावी आठ तासांहून अधिक वेळ मिळून त्याच दिवशी परतता यावे, अशी अट आहे. परतीचा प्रवास आणि हातात उरणारा वेळ हेच तिथे साधन चांगले की वाईट हे ठरवण्याचे माप झाले.

हे माप कोळवणला लावून पाहावे. डेक्कन क्वीन पुण्याहून सकाळी ७.१५ ला सुटते, १०.२५ ला मुंबईत पोचते, संध्याकाळी ५.१० ला मुंबईहून निघून रात्री ८.२५ ला पुण्यात परत येते. १ जून १९३० पासून धावणाऱ्या या गाडीची सगळी ओळखच मुळी सकाळी जाऊन रात्री घरी येणाऱ्यांची गाडी अशी आहे. मुंबईत पावणेसात तास मिळतात. फ्रान्सच्या आठ तासांपेक्षा कमी, पण टाटा रुग्णालयात दाखवायला, मंत्रालयातल्या एका कामाला किंवा मुलाखतीला पुरेसे.

आता उलटे मोजायचे. सव्वासातची गाडी धरायची तर पावणेसातला पुणे स्टेशनवर हवे. मेट्रो सकाळी सहाला सुरू होते. म्हणजे वनाजला सव्वासहापर्यंत पोचले तर जमते. कोळवण ते वनाज पस्तीस-एक किलोमीटर. पहाटे भूगावला कोंडी नसते, पिरंगुटचा घाट मोकळा असतो, त्यामुळे बसला सव्वा तास खूप झाला. पाच वाजता कोळवणहून एक गाडी सुटून थेट वनाजला आली पाहिजे. रात्री ८.२५ ला डेक्कन क्वीनमधून उतरलेला माणूस मेट्रोने नऊच्या पुढेमागे वनाजला येतो. सव्वानऊला तिथून गाडी निघाली तर साडेदहाला कोळवण.

रात्री साडेदहाला आलेली आणि पहाटे पाचला निघणारी गाडी म्हणजे काय, हे खेड्यातल्या कुणालाही सांगावे लागत नाही. ती मुक्कामाची एसटी. उभ्या महाराष्ट्राने ही गाडी पाहिली आहे. संध्याकाळी शेवटची फेरी घेऊन गावात यायची, पारासमोर किंवा शाळेच्या मैदानात लागायची. चालक-वाहकांना कुणाच्या तरी घरची भाकरी असायची, अंथरूण देवळात किंवा गाडीच्याच बाकांवर. पहाटे इंजिनाची घरघर ऐकून घरोघरी चुली पेटायच्या, आणि तालुक्याच्या शाळेत जाणारी पोरे, दुधाच्या किटल्या, माहेरपणाहून परतणारी लेक असा सगळा गाव तीत चढायचा. पुणे–अहमदनगर मार्गावर १ जून १९४८ रोजी पहिली एसटी धावली. पुढच्या काही दशकांत गावाचे घड्याळ या मुक्कामाच्या गाडीवर लागले. गावे शहराशी जोडण्याची महाराष्ट्राने काढलेली ही सर्वांत स्वस्त आणि सर्वांत समजूतदार युक्ती होती. ती मोडीत काढण्यासारखी नाही. तिला आजच्या मेट्रो-रेल्वेच्या वेळांशी जुळवून घ्यायला हवे.

जुळवून घेणे म्हणजे काय, ते स्वित्झर्लंडने करून दाखवले आहे. सह्याद्रीपेक्षा अवघड डोंगर, विखुरलेली वस्ती, हिवाळ्यात बर्फ. तरीही तिथले खेडे शहरापासून तुटलेले नाही. १९८२ मध्ये त्यांनी सगळ्या देशाचे वेळापत्रक एका सूत्रात बांधले : प्रत्येक तासाला ठरलेल्या मिनिटाला गाडी. १९८७ मध्ये ‘बान २०००’ या योजनेला मतदारांनी कौल दिला. त्या योजनेत नवे रूळ टाकले गेले ते वेगाचा विक्रम करायला नाही. झुरिक–बर्न प्रवास तासाच्या आत बसला की दोन्ही स्थानकांवर पुढच्या गाड्या धरता येतात, म्हणून डिसेंबर २००४ मध्ये तो ५६ मिनिटांवर आणला. तासाला चार मिनिटे कमी, एवढेच त्यांना हवे होते. स्थानकाबाहेर टपाल खात्याची पिवळी बस उभी असते आणि रेल्वेतून उतरलेले उतारू घेऊन डोंगरातल्या गावाला निघते. या पिवळ्या बसची पहिली फेरी बर्न ते डेटलिगन अशी १ जून १९०६ रोजी झाली. डेक्कन क्वीन, एसटी आणि स्विस टपाल बस, तिघींचा वाढदिवस एकाच तारखेला येतो. योगायोगच, पण या तिघींना एकत्र आठवावे असा.

युरोपची सहल करून आलेले मराठी कुटुंब त्या बसचे फोटो दाखवते आणि ‘तिकडे सगळे वेळेवर’ असे म्हणते. वेळेवर असण्यापेक्षा महत्त्वाचे आहे ते एकमेकांची वाट पाहणे. रेल्वे, मेट्रो आणि बस तिघीही आपापल्या परीने वेळेवर धावल्या, पण एक निघून गेल्यावर पाच मिनिटांनी दुसरी आली, तर प्रवाशाच्या पदरी काहीच पडत नाही.

आपल्याकडे ही जुळणी होत नाही याचे कारण पैशाइतकेच मालकीचे आहे. कोळवणहून निघालेला माणूस एसटी किंवा पुण्याची शहर बससेवा पीएमपी, मग महामेट्रो, मग मध्य रेल्वे अशा तीन संस्थांच्या दारांतून जातो. प्रत्येकीचे वेळापत्रक वेगळे, तिकीट वेगळे, सवलत वेगळी. २०२१ च्या दिवाळीच्या तोंडावर सुरू झालेला एसटीचा संप एप्रिल २०२२ पर्यंत चालला. त्या काळात पुण्याच्या आसपासच्या गावांना पीएमपीचा आधार मिळाला. मग २०२२ च्या अखेरीस एसटीच्या मागणीवरून पीएमपीने ग्रामीण भागातले काही मार्ग बंद करायला घेतले. ग्रामस्थांच्या लेखी बसचा रंग कोणता, हा प्रश्नच नव्हता.

रंगाने एका ठिकाणी मात्र फरक पडतो, आणि तो बायकांना पडतो. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धे तिकीट आहे. पीएमपीत ही सवलत नाही. ऑगस्ट २०२२ पासून पंच्याहत्तरीच्या पुढच्या ज्येष्ठांना एसटीचा प्रवास मोफत आहे, तोही एसटीपुरताच. म्हणजे त्याच पौड रस्त्यावर, त्याच अंतरासाठी, कोणती गाडी आधी आली यावर एखाद्या बाईचे भाडे ठरते. रोज पिरंगुटला कामाला जाणारी बाई म्हणूनच कधीकधी समोर उभी असलेली गाडी सोडून मागच्या एसटीची वाट पाहते. तिचा वेळ जातो, पुढे हजेरीचा प्रश्न उभा राहतो. सरकारने दिलेली सवलत खरी आहे, बायकांनी तिचा भरभरून लाभ घेतला आहे. ती मार्गाला लागू व्हावी, गाडीच्या मालकाला नको.

याच मुळशी तालुक्यात हिंजवडी आहे आणि माणही. तिथल्या संगणक अभियंत्यांसाठी माण–हिंजवडी ते शिवाजीनगर असा २३ किलोमीटरचा स्वतंत्र मेट्रो मार्ग आखला गेला. डिसेंबर २०१८ मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते त्याचे भूमिपूजन झाले. ते व्हायलाच हवे होते, तिथली कोंडी जीवघेणी आहे. पण एकाच तालुक्याच्या एका टोकाला मेट्रो आणि दुसऱ्या टोकाला बसची अनिश्चितता, हे अंतर डोळ्यांत भरते. मुंबईने मुळशीकडून घेतले ते आजचे नाही. टाटांच्या धरणासाठी मुळा खोऱ्यातली गावे पाण्याखाली जाणार होती तेव्हा १९२१ मध्ये इथे सत्याग्रह उभा राहिला. पांडुरंग महादेव बापट सेनापती झाले ते त्या लढ्यात. धरण झालेच, आणि त्याची वीज मुंबईकडे गेली. त्या तालुक्याने शंभर वर्षांनंतर मुंबईच्या रेल्वेला जोडणारी एक बस मागितली तर ती फार मोठी मागणी ठरत नाही.

आक्षेप ठरलेला असतो : उतारू नाहीत, गाडी तोट्यात जाते. एसटी महामंडळाची आर्थिक ओढाताण सर्वांना ठाऊक आहे, जानेवारी २०२५ मध्ये भाडेही जवळपास पंधरा टक्क्यांनी वाढले. तरी हा आक्षेप कारण आणि परिणाम यांची उलटापालट करतो. गाडीचा भरवसा नाही म्हणून मुलगा दुचाकी घेतो. त्याने दुचाकी घेतली म्हणून गाडी रिकामी धावते. कोळवणहून कोथरूडला रोज जाऊन येऊन सत्तर किलोमीटर होतात. पेट्रोल लिटरमागे शंभरीपार, वर हप्ता, आणि जुलै-ऑगस्टच्या पावसात पिरंगुटचा घाट. दहावी-बारावीनंतर मुलाला घरची दुचाकी मिळते. मुलीचे कॉलेज मात्र अनेक घरांत संध्याकाळच्या गाडीच्या वेळेवर ठरते. हा तोटा कोणत्याही महामंडळाच्या ताळेबंदात दिसत नाही. शिवाय पाच वाजताची गाडी काही एकट्या मुंबईच्या प्रवाशासाठी धावणार नाही. पौडला, घोटावडे फाट्याला, पिरंगुटला, भूगावला ती भरत जाईल. पहिल्या पाळीचे कामगार, मार्केट यार्डला निघालेले शेतकरी, पुण्यातली सकाळची महाविद्यालये, सगळ्यांचीच ती वेळ आहे.

खरी अडचण दुसरी आहे. रात्री साडेदहाला येऊन पहाटे पाचला निघायचे तर चालकाला झोप पुरत नाही, आणि अर्धवट झोपलेल्या चालकाच्या हाती घाटरस्ता देता येत नाही. पूर्वी हे चालून गेले म्हणून आजही चालवावे, असे कुणी म्हणू नये. गाडी मुक्कामी ठेवून रात्रीचा आणि पहाटेचा चालक वेगवेगळा असावा. पहाटेचा चालक आदल्या दुपारच्या फेरीने येऊन गावात विश्रांती घेईल. त्यासाठी गावाने पंखा, स्वच्छ अंथरूण, न्हाणीघर आणि शौचालय असलेली एक खोली द्यायला हवी. ग्रामपंचायतीच्या आवाक्यातला हा खर्च आहे. मुक्कामाच्या गाड्यांवरच्या चालक-वाहकांची सोयींबद्दलची तक्रार जुनी आणि रास्त आहे, आणि ती सोडवल्याखेरीज कोणतेही वेळापत्रक टिकणार नाही.

बाकीचे काम कागदावरचे आहे. एसटीच्या पुणे विभागाने पहाटेची फेरी वनाजच्या मेट्रो स्थानकाशी थांबवावी. स्वारगेटपर्यंत जायचे तर पुढे जावे, पण वनाजचा थांबा वेळापत्रकात लिहिलेला असावा. पीएमपी आणि एसटी यांनी पौड रस्त्यावरच्या फेऱ्या एकमेकींच्या मागोमाग न सोडता मधल्या वेळेत वाटून घ्याव्यात. वनाज आणि पौड या दोन ठिकाणी तिन्ही सेवांच्या वेळा एकाच फलकावर लागाव्यात. डेक्कन क्वीनला उशीर झाला तर सव्वानऊची गाडी वीस मिनिटे थांबेल, हा नियम लेखी असावा आणि वाहकाच्या मोबाइलवर तशी सूचना यावी. कामशेतच्या वाटेचाही विचार व्हावा : हाडशी, तिकोना पेठ, पवनानगर या मार्गावर सकाळ-संध्याकाळ एकेक फेरी लोणावळा लोकलच्या वेळेला बांधली तर पवन मावळ आणि कोळवण खोरे दोन्ही रेल्वेला जोडली जातील.

शाळा-महाविद्यालये जूनमध्ये सुरू होतात. कोळवण आणि खोऱ्यातल्या ग्रामपंचायतींनी १ मेच्या ग्रामसभेत एकच मसुदा मंजूर करून तो एसटी, पीएमपी आणि महामेट्रोला एकाच वेळी दिला, तर सहा महिन्यांचा प्रयोग जूनपासून उभा राहू शकतो. मसुद्यात सुटण्याची वेळ, वनाजचा थांबा, चालकाची खोली आणि शेवटच्या गाडीची थांबण्याची मुदत एवढे चार मुद्दे नेमके लिहावेत, आणि प्रयोगाच्या काळात दर महिन्याला किती उतारू चढले याचा आकडा गावाने स्वतः नोंदवून ठेवावा.